मराठी फाइल कुठेही उघडली तरी तशीच दिसावी म्हणून: लिब्रे ऑफिस रायटरचा रिव्ह्यू

लिब्रे ऑफिस रायटर, म्हणजे वर्डसारखंच मजकूर लिहायचं फुकट सॉफ्टवेअर, त्याला माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक काहून कापला ते पुढे येईलच. पण वर्ड भारी की लिब्रे भारी असं भांडण मला लावायचं नाही. मला एकाच गोष्टीवर लिहायचंय, मराठीत टाइप केलेली फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेली तर ती जशीच्या तशी उघडते का, आणि उघडावी म्हणून कोणत्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायची. मराठीत काम करणाऱ्यांना हा त्रास रोजचा आहे आणि नेटवर जे सल्ले मिळतात ते बहुतेक इंग्रजी फाइलींसाठीचे असतात, मराठीचे प्रॉब्लेम त्यात कुठे येतच नाहीत.

मी डीटीपीचं काम करते, नागपूरच्या महाल भागात, घरूनच. पीएचडीचे प्रबंध, शाळांच्या आणि मंडळांच्या स्मरणिका, अधूनमधून एखादा कवितासंग्रह, कधी वकिलांची मराठी कागदपत्रं. फाइली कुठून कुठून येतात विचारू नका. काटोलकडच्या शाळेतल्या सरांकडे अजून वर्ड २००७ आहे, कॉलेजच्या मॅडमकडे ऑफिस ३६५, इंजिनीअरिंगच्या पोराच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू म्हणून लिब्रे, एक कवयित्री काकू सगळं फोनवर गूगल डॉक्समध्ये लिहितात, आणि रिटायर झालेले एक काकाजी अजूनही कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्येच टाइप करून राहिले. फोनवर सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, कशात पाठवू?"

माझं उत्तर आता ठरलेलं आहे. युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे फॉन्ट बदलला तरी म हा म च राहतो, वर्डच्या डॉकएक्स फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, आणि तुमच्याकडे ते जसं दिसतं तशी एक पीडीएफ सोबत जोडा. इतकंच. आणि मी स्वतः मात्र काम रायटरमध्ये करते आणि माझी मूळ फाइल ओडीटीमध्ये ठेवते. हे ऐकून लोक म्हणतात की स्वतः एक वापरता आणि आम्हाला दुसरंच सांगता. तर त्याचं कारण नीट सांगते.

ओडीटी हा लिब्रेचा घरचा फॉरमॅट. ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ म्हणतात तो, ओएसिस नावाच्या संस्थेने २००५ मध्ये मंजूर केला आणि २००६ मध्ये आयएसओचं स्टँडर्ड झाला, नंबर २६३००. डॉकएक्स वर्ड २००७ बरोबर आला, तोही आधी एक्मा नावाच्या संस्थेने २००६ मध्ये मंजूर केला आणि २००८ मध्ये आयएसओने २९५०० या नंबराने घेतला, त्या वेळी भारताचं मत विरोधात पडलं होतं. म्हणजे कागदोपत्री दोन्ही स्टँडर्ड आहेत, दोघांचेही नियम छापलेले आहेत, कोणीही वाचून आपलं सॉफ्टवेअर बनवू शकतो. फरक व्यवहारात आहे. वर्ड ओडीटी उघडतं, २००९ पासून उघडून राहिलं, ऑफिस २००७ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये ती सोय आली. पण समोरचा माणूस ओडीटी पाहिला की घाबरतो. आयकॉन अनोळखी असतो, डबल क्लिक केलं की कधी भलतंच सॉफ्टवेअर उघडतं, फोनवर तर उघडतच नाही असा फोन येतो. मग परत सगळं समजावून सांगा. ज्याच्याकडे फाइल जाणार त्याची सोय आधी पाहावी लागते, म्हणून पाठवायला डॉकएक्स.

आणि घरी ओडीटी एवढ्यासाठी की रायटर डॉकएक्समध्ये सेव्ह करतं तेव्हा आपल्या आतल्या गोष्टी वर्डच्या भाषेत बदलून लिहितं, उघडताना परत उलट बदलतं. दरवेळी थोडं थोडं काहीतरी हलतं, स्टाइलींची (फॉन्ट, साइज वगैरे एका नावाखाली बांधून ठेवतात त्यांची) नावं वाढत जातात, चित्र आपल्या जागेवरून अर्धा सेंटिमीटर सरकतं. एकदा दोनदा काही कळत नाही पण महिनाभर चाललेल्या कामात ते साचतं. म्हणून काम ओडीटीमध्ये, आणि बाहेर द्यायची वेळ आली की त्याची डॉकएक्स कॉपी काढायची. रायटर सेव्ह करताना विचारतं की वर्डचाच फॉरमॅट ठेवू की ओडीएफ करू, लोक या खिडकीला कंटाळतात, पण ती खिडकी कामाची आहे, बंद करू नका असं माझं मत. ज्यांना रोज फक्त डॉकएक्सच लागतं त्यांनी टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात लोड सेव्ह, त्यात जनरल इथे जाऊन कायमचा वर्डचा फॉरमॅट लावून टाकावा, मग विचारणार नाही.

जुनं डॉक, म्हणजे शेवटी एक्स नसलेलं, ते मात्र आता कोणीच वापरू नये. ते वर्ड ९७ ते २००३ च्या काळचं आहे, आतून बायनरी, फाइल थोडी जरी खराब झाली तरी त्यातून मजकूर काढणं कठीण. वर्ड २००७ पासून सगळ्यांना डॉकएक्स जमतं. आणि वर्डच्या सेव्ह ॲज यादीत स्ट्रिक्ट ओपन एक्सएमएल असा एक प्रकार दिसतो, नाव भारदस्त आहे पण तो निवडू नका, साधा वर्ड डॉक्युमेंटच घ्या, जुन्या सॉफ्टवेअरला स्ट्रिक्ट पचत नाही.

आता मुख्य मुद्दा. मराठी फाइल बिघडते तेव्हा लोक फॉरमॅटला नावं ठेवतात, आणि बहुतेक वेळा फॉरमॅटचा दोषच नसतो.

भंडाऱ्याकडच्या एका मुलीचा प्रबंध माझ्याकडे आला होता, मराठी विषयाचा, मध्ये मध्ये इंग्रजी संदर्भ. तिची तक्रार अशी की इंग्रजी अक्षरं बरोबर दिसतात आणि मराठी बारीक दिसते, तेही सगळीकडे नाही, कुठे बारीक कुठे ठीक. तिने आणि तिच्या भावाने मिळून कित्येक परिच्छेद एकेक सिलेक्ट करून साइज वाढवला होता, तरी काही सुटलेच, आणि गाइड म्हणाले की तुझ्या सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, पीडीएफ करून आण. मी तिला समोर बसवून एक गोष्ट दाखवली, तुम्हीपण करून पाहा. डॉकएक्स फाइलची एक कॉपी काढा आणि तिच्या नावाच्या शेवटचं डॉकएक्स खोडून झिप लिहा. विंडोज विचारेल की फाइल खराब होऊ शकते, हो म्हणा. आता डबल क्लिक केलं की आत फोल्डर दिसतात, त्यात वर्ड नावाचं फोल्डर, त्यात डॉक्युमेंट आणि स्टाइल्स अशा एक्सएमएल फाइली, नोटपॅडमध्ये उघडतात. ओडीटीचंही तसंच, तोही आतून झिपच. तिच्या स्टाइल्सच्या फाइलमध्ये नॉर्मल नावाच्या स्टाइलखाली साइजचे दोन आकडे शेजारी शेजारी होते, एक २४ आणि एक २०. हे आकडे अर्ध्या पॉइंटात असतात, म्हणजे २४ म्हणजे १२ पॉइंट आणि २० म्हणजे १० पॉइंट. पहिला इंग्रजीसारख्या लिप्यांचा, दुसरा कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा, आणि देवनागरी त्या कॉम्प्लेक्समध्ये मोडते. स्टाइल बनवताना तिने साइज १२ केला तो फक्त इंग्रजीला लागला, मराठी १० वरच राहिली. वर्डनेही तेच दाखवलं आणि रायटरनेही तेच दाखवलं, फॉरमॅटने जे होतं ते इमानदारीने इकडून तिकडे नेलं.

फॉन्टचंही असंच वेगळं असतं, बोल्डचंही. इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि मराठीचा वेगळा, दोन्ही स्वतंत्र लिहिलेले. रायटरमध्ये ही गोष्ट उघड दिसते हे मला फार आवडतं. ऑप्शन्समध्ये लँग्वेजच्या भागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा, तिथेच मराठी निवडा, की स्टाइलच्या फॉन्ट टॅबमध्ये वेस्टर्न आणि कॉम्प्लेक्स असे दोन भाग समोर येतात, दोन्हीकडे फॉन्ट आणि साइज भरा, झालं. वर्डमध्येही आहे हे सगळं पण ऑफिसच्या भाषांमध्ये हिंदी किंवा मराठी ॲड केल्याशिवाय कंट्रोल डी दाबून उघडणाऱ्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा भाग दिसतच नाही. त्या मुलीची नॉर्मल स्टाइल आणि हेडिंगच्या तीन स्टाइली दुरुस्त केल्या, हाताने दिलेलं सगळं फॉरमॅटिंग काढून टाकलं, अख्खा प्रबंध एका बैठकीत सरळ झाला. ते पाहून ती पोरगी किती वेळ नुसती स्क्रोल करून राहिली होती. गाइडकडे डॉकएक्सच गेली आणि नीट उघडली.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, फॉरमॅट निवडण्याच्या आधी स्टाइली वापरायला शिका. हेडिंग वन, हेडिंग टू, नॉर्मल, एवढ्या तीन शिकलात तरी पुष्कळ. हाताने ठळक करून, हाताने साइज वाढवून, एंटर मारून मारून पान बदललेलं असेल तर ती फाइल कोणत्याच फॉरमॅटमध्ये धड राहत नाही. स्टाइलमध्ये बांधलेली फाइल वर्डमध्ये, रायटरमध्ये, गूगल डॉक्समध्ये, ओन्ली ऑफिसमध्ये, कुठेही टाका, हेडिंग हेडिंगच राहतं, अनुक्रमणिका आपोआप बनते. अनुक्रमणिकेतले पान नंबर हाताने टाइप करू नका बाप्पा. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेलं की पानं एकदोन मागेपुढे होणारच, ओळी मोडायची प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे. ज्या मशीनवर शेवटची पीडीएफ निघणार त्याच मशीनवर अनुक्रमणिका अपडेट करायची.

पानं सरकण्याचं सगळ्यात मोठं कारण फॉन्ट. आपल्याकडे कित्येकांनी मंगल लावलेला असतो कारण वर्षानुवर्षं तोच होता. पण विंडोज १० पासून मंगल सगळ्यांकडे आपोआप येत नाही, देवनागरीच्या जास्तीच्या फॉन्टमध्ये कोकिळा, अपराजिता, उत्साह यांच्यासोबत तो वेगळा ॲड करावा लागतो, मूळ विंडोजमध्ये निर्मला असतो. उबुंटूवर मंगल नाहीच, तिथे त्याच्या जागी लोहित किंवा नोटो येऊन बसतो. आता मंगलच्या ओळींमध्ये जागा भरपूर सुटते, दुसऱ्या फॉन्टमध्ये तेवढी नाही, म्हणून तीच फाइल एकीकडे जाडजूड होते आणि दुसरीकडे वीसेक पानांनी कमी भरते आणि लोक म्हणतात मजकूर गायब झाला. मजकूर कुठेही जात नाही, फॉन्ट बदलतो. इंग्रजीत यावर उपाय आहे, कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो, टाइम्सच्या मापाचा लिबरेशन सेरिफ, रायटरसोबतच येतात आणि अक्षरांची रुंदी तंतोतंत जुळते म्हणून ओळी हलत नाहीत. मंगलच्या मापाचं असं काही मला तरी सापडलं नाही. म्हणून मी पहिल्याच दिवशी क्लायंटला फ्री फॉन्ट देते, नोटो सेरिफ देवनागरी, मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी, तिन्ही मोफत, तिन्ही कोणालाही पाठवायला मोकळे, आणि गूगल डॉक्समध्येही मिळतात. रायटरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टचा टॅब आहे, तिथे टिक केलं की फॉन्ट डॉक्युमेंटच्या पोटातच जातात. वर्डमध्येही ऑप्शन्समधल्या सेव्हखाली हेच आहे. फाइल जड होते, होऊ द्या.

एक बारीक गोष्ट, पण मराठी माणसाला कळेल. आपला श देठाचा आणि ल पाकळीचा, २००९ च्या शासन निर्णयातही तोच सांगितला आहे. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आहेत त्यात कोणतं दिसणार हे मजकुराच्या भाषेवर ठरतं. रायटरमध्ये मजकूर सिलेक्ट करून भाषा मराठी केली की श आणि ल आपले होतात, हिंदी ठेवली तर हिंदीचे. आणि ही भाषेची खूण ओडीटीमध्येही साठते आणि डॉकएक्समध्येही, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मात्र साठत नाही, व्हॉट्सॲपमध्ये मजकूर पेस्ट करून पाठवला तर तिथेही नाही, सोबत तळटीपा आणि इटॅलिक पण गेल्या. म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून फाइल जोडा, मेसेजमध्ये मजकूर चिकटवू नका.

आता कृतिदेववाल्या काकाजींचं. त्यांच्याकडून आलेली फाइल मी डॉक, डॉकएक्स, ओडीटी कशातही मागितली तरी फरक पडत नाही, कारण त्या फाइलमध्ये मराठी नाहीच. कृतिदेवमध्ये मराठी हा शब्द आतून ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी चित्रं चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. सर्च होत नाही, फोनवर वाचता येत नाही, स्पेलचेक लागत नाही. अशी फाइल आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यावी लागते आणि मग डोळ्यात तेल घालून वाचावी लागते, खास करून दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा असल्या शब्दांमधला ऱ आणि सगळीकडचा ळ, कारण कन्व्हर्टर बरेचसे हिंदीवाल्यांनी हिंदीसाठी बनवलेले. काकाजींचा टाइपिंगचा स्पीड माझ्यापेक्षा जास्त आहे आणि त्यांचा हात त्या कीबोर्डवर बसलेला आहे, त्यांना या वयात बदला म्हणणं मला बरं वाटत नाही. मी त्यांना रेमिंग्टन लेआउटचा युनिकोड कीबोर्ड टाकून दिला, बोटं पुष्कळशी त्याच जागी पडतात आणि आतून खरी मराठी निघते. स्मरणिकेतला त्यांचा शेवटचा लेख तसाच आला, एकही अक्षर बदलावं लागलं नाही. ज्यांच्या घरी असे जुने टाइपिस्ट आहेत त्यांनी हे जरूर करून द्या.

आरटीएफबद्दल लोक अजून सांगतात की सगळ्यात सेफ तोच. मायक्रोसॉफ्टने १९८७ मध्ये काढलेला फॉरमॅट, २००८ नंतर त्यात नवीन काही आलं नाही, आणि खरंय की जवळपास सगळीकडे उघडतो. पण मराठीसाठी त्याचं काय होतं ते पाहा. आरटीएफ आतून साधा इंग्रजी टेक्स्ट असतो, म्हणून एकेक मराठी अक्षर त्यात नंबर म्हणून लिहावं लागतं, उलटी तिरकी रेघ, यू, मग म साठी २३५०, मग परत रेघ, यू, र साठी २३५२, काना २३६६, असं अक्षरामागे अक्षर, म्हणून फाइल मोठी होते. फोटो तर त्याहून वाईट, फोटो असलेली आरटीएफ मेलने जाईना इतकी फुगते. एखादी डॉकएक्स काही केल्या उघडतच नसेल किंवा कोणाकडे फारच जुनं सॉफ्टवेअर असेल तेव्हा मी नुसता मजकूर वाचवायला आरटीएफ काढते, स्टाइली आणि टेबलांच्या भरवशावर नाही. आणि ज्या वर्डपॅडच्या आधारावर लोक आरटीएफ वापरत होते ते विंडोज ११ च्या २४एच२ या व्हर्जनपासून काढूनच टाकलं.

आता ज्या गोष्टीमुळे मी रायटर सोडणार नाही ती सांगते. हायब्रिड पीडीएफ. फाइलमध्ये एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ घेतलं की जनरल टॅबमध्ये हायब्रिड पीडीएफ असा एक पर्याय दिसतो, त्यावर टिक करा. जी पीडीएफ निघते ती जगात कुठेही साध्या पीडीएफसारखी उघडते, फोनवर, प्रेसमध्ये, सायबर कॅफेत, फॉन्ट आत असतात म्हणून सगळीकडे हुबेहूब दिसते. पण तीच फाइल रायटरमध्ये उघडली तर आतली मूळ ओडीटी बाहेर येते आणि पाहिजे तसं एडिट करता येतं. म्हणजे वाचायला पीडीएफ आणि दुरुस्तीला मूळ फाइल, एकाच पुडक्यात. मी कामाच्या फायनल कॉपी आता अशाच ठेवते. दोन वर्षांनी क्लायंट फोन करतो, "ताई, दुसरी आवृत्ती काढायची, फाइल आहे का?" आणि त्याच्याकडे पीडीएफ सोडून काही राहिलेलं नसतं, तेव्हा त्याच्याच पीडीएफमधून मूळ फाइल निघते. हे लोकांना माहीतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. एक लक्षात ठेवा, ज्याला तुमची मूळ फाइल द्यायची नाही त्याला हायब्रिड पाठवू नका, साधी पीडीएफ पाठवा.

प्रेसला द्यायला तर पीडीएफच. एका प्रेसमध्ये माझ्या समोर एकाने डॉकएक्स दिली, तिथल्या मशीनवर फॉन्ट नव्हता, ऑपरेटरने जो होता तो लावला आणि कवितेच्या ओळी मोडून छापल्या. कवितेत ओळ मोडली म्हणजे काय राहिलं सांगा. त्यांच्या घरचं पहिलं पुस्तक होतं ते, त्या माणसाचा चेहरा पाहवत नव्हता. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, प्रबंध जातो तोही पीडीएफमध्येच जातो, प्रकरणांच्या वेगवेगळ्या फाइली करून, म्हणून प्रत्येक प्रकरण नवीन पानावर सुरू होईल अशी सोय हेडिंगच्या स्टाइलमध्येच करून ठेवा, एंटर मारून नाही.

पीएचडीवाल्यांना आणखी एक. संदर्भांसाठी झोटेरो वापरत असाल तर वर्डची फाइल रायटरमध्ये किंवा रायटरची वर्डमध्ये नुसती उघडून चालत नाही, संदर्भांच्या जिवंत कड्या तुटतात आणि नुसता मजकूर उरतो. झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये दुसऱ्या वर्ड प्रोसेसरला जाण्याचा पर्याय आहे, तो आधी दाबा, मग फाइल हलवा. दुरुस्त्या करायला ट्रॅक चेंजेस मात्र डॉकएक्समधून छान चालतात, गाइडने वर्डमध्ये केलेल्या खुणा आणि कॉमेंट मला रायटरमध्ये नावासकट, तारखेसकट दिसतात, मी मान्य करून परत पाठवलं की त्यांना वर्डमध्ये दिसतं.

कापलेला स्टार कशासाठी? स्मरणिकेतली सजावटीची पानं. वर्डमध्ये कोणी टेक्स्ट बॉक्समध्ये टेक्स्ट बॉक्स, त्यावर फोटो, बाजूला जाहिरातीचं टेबल असं रचून पाठवलं की रायटर ते जागेवर ठेवू शकत नाही, एखादा बॉक्स दुसऱ्याच्या मागे जातो, मजकूर कापला जातो, आणि वर्डचं स्मार्टआर्ट नुसती आकृती म्हणून येतं, त्यात मजकूर बदलायला गेलं की आपोआप जुळवून घेत नाही. रायटरमध्ये तसलं पान बनवून वर्डला पाठवलं तरी तेच. लहानसहान प्रॉब्लेम नाही हा, शाळेच्या स्मरणिकेत अर्धी पानं असलीच असतात. मी अशा लेखकांना सांगते की सजवू नका, मजकूर साधा द्या, फोटो वेगळे द्या मूळ साइजचे, फाइलमध्ये चिकटवलेले नको, जुळवणी मी करते. ज्यांना सजावटीची फाइलच दहा जणांमध्ये फिरवायची आहे, आणि बाकी सगळे वर्डवर आहेत, त्यांनी वर्डच वापरावं, किंवा ओन्ली ऑफिस पाहावं, ते डॉकएक्सलाच घरचा फॉरमॅट मानून बनवलेलं आहे म्हणून वर्डच्या फाइली त्यात जरा जास्त जागेवर राहतात, पण ओडीटीचं काम त्यात मला रायटरइतकं पटलं नाही.

दुसरी उणीव फोनची. अँड्रॉइडवर लिब्रेचं स्वतःचं जे ॲप आहे ते मुख्यतः पाहण्यापुरतं, एडिट करायचं तर कोलॅबोरा ऑफिस घ्यावं लागतं, आतलं इंजिन तेच आहे. काकूंना मी काही बदलायला लावलं नाही, त्या गूगल डॉक्समध्येच लिहितात आणि डाउनलोडमधून डॉकएक्स काढून पाठवतात. कविता, लेख, पत्र असल्या साध्या मजकुराला ते पुरेसं आहे. फक्त गूगल डॉक्सची लिंक पाठवू नका, परमिशन मागण्यात दोन दिवस जातात, फाइल काढून पाठवा.

किमतीचं वेगळं सांगायला नको, लिब्रे फुकट आहे, लॉगिन नाही, नेट नसलं तरी चालतं, मेनू मराठीत करून घेता येतो. २०१० च्या सप्टेंबरात ओपन ऑफिसमधून वेगळं होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशनने ते सुरू केलं आणि तेव्हापासून सतत नवीन व्हर्जन निघून राहिलं. ओपन ऑफिस अजून डाउनलोडला दिसतं पण त्याच्या मागे लागू नका, त्यात डॉकएक्समध्ये सेव्ह करायची सोय नाही, म्हणजे पाठवापाठवीचं कामच अडतं. ज्यांच्याकडे ऑफिस २०१६ किंवा २०१९ आहे त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नवीन घ्यायला पैसे नसतील तर हे टाकून पाहा, वर्डच्या शेजारी राहू शकतं, काही काढावं लागत नाही. मात्र घरात विंडोज ७ किंवा ८ चं जुनं मशीन असेल तर २५.८ आणि त्यापुढचं व्हर्जन त्यावर चालणार नाही, २५.८ च्या आधीचं उतरवा. आणि टाकल्या टाकल्या कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट तपासा, मराठी निवडा, दोन्हीकडे फॉन्ट भरा, मगच पहिली ओळ टाइप करा.